निघण्याआधीचे सहा आठवडे



मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली. किती बदल्या झाल्या असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, माझ्या बायकोला विचारा, ट्रंका तिनं बांधल्यात. निवृत्तीनंतर आम्ही इथं बंगळूरला, मल्लेश्वरमला स्थायिक झालो. आज मला बोलायचंय ते निघण्याबद्दल.

मुलं परदेशी शिकायला जातात, त्याबद्दल आपण भरपूर बोलतो. प्रवेश कसा मिळवायचा, व्हिसाला काय लागतं, सोबत मेतकूट किती द्यायचं. विमानतळावर अख्खं घर जातं. पण शिक्षण संपवून तिथून परत निघतानाचे शेवटचे आठवडे? त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आपल्याला वाटतं, आता काय, परीक्षा झाली की बॅग भरायची आणि यायचं. मलाही असंच वाटत होतं. त्यापायी माझ्या मुलीचा आणि माझा पंधरा दिवस अबोला झाला होता.

माझी मुलगी स्पेनमध्ये सालामांका या गावी शिकत होती. विषय, परभाषकांना स्पॅनिश कसं शिकवायचं. माद्रिदच्या पश्चिमेला हे गाव आहे. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माआधीपासून तिथं पोरं परीक्षा देतायत. सोनेरी दगडाच्या इमारती. विद्यापीठाच्या जुन्या दर्शनी भिंतीवर कोरीवकामात एका कवटीवर छोटासा बेडूक बसलेला आहे, तो ज्याला स्वतःच्या नजरेनं सापडतो तो पास होतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत. भिंतींवर लाल अक्षरांत नावं रंगवलेली दिसतात. डॉक्टरेट मिळवणाऱ्याचं नाव असं लिहायची तिथली जुनी चाल. पूर्वी म्हणे त्या रंगात बैलाचं रक्त घालत. हे सगळं मला मुलीनं पहिल्या महिन्यात फोनवर सांगितलं. मला तो बेडूक फोटोतही सापडला नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नापास."

वर्ष भुर्रकन गेलं. जून आला. तिचे तिथले सहा आठवडे उरले. प्रबंध द्यायचा, जुलैच्या मध्यावर तीन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा, आणि मग परत.

आता इथं माझी फौजी खोपडी कामाला लागली. मी वही काढली, तारखा मांडल्या. ओळखीतून एका कंपनीत स्पॅनिश जाणणाऱ्यांची भरती असल्याचं कळलं होतं. बंगळूरमध्ये अशा नोकऱ्या असतात, कारण इथून जगभरच्या गिऱ्हाइकांची कामं चालतात. मुलाखत जुलैच्या पहिल्या आठवड्यात, समक्ष. मी हिशेब केला. हिनं प्रबंध लवकर द्यावा, तोंडी परीक्षा ऑनलाइन मागावी, नाहीतर सप्टेंबरच्या फेरीत बघावं, आणि तीन आठवडे आधी निघून यावं. तिकिटाचे दरसुद्धा बघून ठेवले. हे सगळं तिला न विचारता.

तेव्हा आपल्यात आणि स्पेनमध्ये साडेतीन तासांचं अंतर असतं. तिचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले एक. तिकडं उन्हाळ्यात साडेनऊला अजून उजेड असतो, लोक नुकते जेवायच्या विचारात असतात. मी जागा राहून फोन केला आणि योजना सांगितली. आदेश वाचून दाखवावा तशी.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी इथून अशी निघणार नाही."

मी म्हणालो, "अशी म्हणजे कशी? काम संपलं की माणूस निघतो."

ती म्हणाली, "काम संपलेलं नाही."

"प्रबंध तर झालाय ना?"

"प्रबंध म्हणजेच काम असतं का?"

मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर आपटला.

सकाळी चहाच्या वेळी माझ्या बायकोनं एकच वाक्य उच्चारलं. म्हणाली, "तुम्ही ती कंपनी अर्ध्या दिवसात सोडून आला होतात. आठवतंय?"

मंडळी, हे ऐकल्यावर चहा घशाखाली गेला नाही. ते तुम्हाला सांगायला हवं. त्यासाठी फौजेतली एक रीत आधी समजून घ्या.

फौजेत अधिकारी बदलून जातो तेव्हा 'हँडिंग-टेकिंग ओव्हर' असतं. जाणारा आणि येणारा काही दिवस एकत्र राहतात. शस्त्रं मोजायची, दारूगोळा मोजायचा, खातेवह्या ताडून पाहायच्या, गाड्या, तंबू, भांडी, सगळं. मग दोघांच्या सह्या. पण यातला खरा भाग वहीत नसतो. तो माणसांबद्दलचा असतो. कोणाच्या घरी कटकट आहे, कोण चांगला आहे पण तोंडानं तिखट आहे, कोणाला काय शब्द दिलाय. हे जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं असतं. त्याचा फॉर्म नसतो.

मी मेजर होतो. एका कंपनीची कमान माझ्याकडे होती. बदलीचा आदेश आला, पुढच्या ठिकाणी लवकर हजर व्हायचं होतं, आणि आरक्षण दुसऱ्या दिवशीचं मिळालं. येणारा अधिकारी सकाळी पोचला. आम्ही दुपारपर्यंत सगळं मोजलं. एक काडतूस इकडचं तिकडं नव्हतं. सह्या झाल्या. मला वाटलं, काय झकास काम झालं! संध्याकाळी गाडीत बसलो.

कंपनीत सांगली जिल्ह्यातला एक जवान होता. त्याच्या आईचं ऑपरेशन ठरलं होतं. आठ दिवस आधी तो माझ्यापुढं उभा राहिला होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, "अर्ज नंतर दे, तुझी रजा धर." तोंडी. हे मी नव्या अधिकाऱ्याला सांगायचं विसरलो. दोन आठवड्यांनी कंपनी सरावाला निघाली, रजा थांबल्या. त्या पोरानं अर्ज केला, पण 'मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता' हे बोलायचा त्याला संकोच वाटला. त्याला वाटलं, साहेब गेले, शब्दही गेला. आई ऑपरेशननंतर गेली. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

नव्या अधिकाऱ्याची यात काडीची चूक नव्हती. त्याला ठाऊकच नव्हतं. चूक माझी होती. मी सगळं मोजलं आणि माणूस मोजायचा राहिला.

हे बायकोनं आठवून दिलं. तरीही लगेच फोन करण्याइतका मी शहाणा नव्हतो. पंधरा दिवस घेतले. त्या पंधरा दिवसांत मी रोज सकाळी फिरायला जायचो, ते आमच्या घराजवळच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या बाजूनं. बंगळूरचे लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. त्या झाडांखालून चालताना मला कमला सोहोनी आठवायच्या. आपल्यापैकी अनेकांना हे नाव दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून माहीत असेल. त्या स्वतः केवढ्या होत्या, हे थोडक्यात सांगतो.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन याच संस्थेत संशोधन करायला आल्या. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. एक वर्ष चाचणी, आणि संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, ते मान्य झालं, आणि मग इतर मुलींसाठीही दार उघडलं. पुढं त्या केंब्रिजला गेल्या. तिथं जागेची इतकी टंचाई की डेरेक रिश्टर या शास्त्रज्ञानं आपल्या प्रयोगशाळेतलं एक टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं. रात्री त्याच टेबलावर तो झोपायचा. नंतर रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की पेशींच्या श्वसनात भाग घेणारं 'सायटोक्रोम सी' वनस्पतींच्या पेशींतही असतं. केंब्रिजला पोचल्यापासून १४ महिन्यांत त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध दिला. टंकलिखित पानं किती? फक्त ४०. १९३९ साली त्या भारतात परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला.

मला यात ते ४० पानांचं महत्त्व फार वाटतं. सुरू करायला जिद्द लागते हे सगळे सांगतात. नीट संपवायलाही लागते. मला म्हणायचंय ते झालं, आता याखाली सही, हे कळणं म्हणजे अर्धं शिक्षण.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली तिथून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. काम ऐन रंगात, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत यावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं यायची होती, ती बोट पाणतीरानं बुडाली. विचार करा, पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी.

पण निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी विद्यापीठाची परवानगी मिळवली होती. पुस्तकं बुडाली, पण तो कागद शाबूत राहिला. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, काही कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध आजही अर्थशास्त्राचे लोक काढून वाचतात.

म्हणजे काय? काही जणांना काम पुरं करून निघता येतं, काहींना अर्धं टाकून निघावं लागतं. दोन्हींत नीट निघता येतं. फरक इतकाच की पुरं झालं असेल तर दार व्यवस्थित लावून घ्यावं, अपुरं राहिलं असेल तर ते उघडं राहील याची लेखी सोय करावी. मी माझ्या मुलीला सांगत होतो ते तिसरंच होतं. दार धाडकन आपटून ये!

पंधरा दिवसांनी मी फोन केला. म्हणालो, "माझं चुकलं. तुझं काय काय उरलंय ते सांग. मी फक्त लिहून घेतो."

तिनं यादी वाचली. चौदा गोष्टी होत्या. त्यातल्या कागदपत्रांच्या आधी सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना उपयोगी पडतील.

पहिलं, पदवीचा मूळ कागद लगेच हातात पडत नाही. त्याला बराच काळ लागू शकतो. तोवर शुल्क भरून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, ते आणि गुणपत्रक घेऊनच निघावं. दुसरं, त्यावर 'अपोस्टिल' म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का घ्यावा. भारत आणि स्पेन दोघंही त्या हेगच्या करारात आहेत, म्हणून हा शिक्का चालतो. पण तो ज्या देशानं कागद दिला त्याच देशात मिळतो. इथं आल्यावर आठवून उपयोग नाही. तिसरं, स्पॅनिश कागदाचा इंग्रजी अनुवाद अधिकृत शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्यावा. चौथं, खोलीची अनामत. तिथल्या भाडेकायद्यात किल्ल्या परत दिल्यापासून महिन्याभरात अनामत परत करायची तरतूद आहे. मग बँकेचं खातं आधीच बंद केलं तर पैसे येणार कुठं? म्हणून खातं शेवटी बंद करावं, आणि खोली सोडताना भिंती, गादी, मीटर, सगळ्याचे फोटो काढावेत. पाचवं, निवासाच्या कार्डाची शेवटची तारीख आणि विमानाची तारीख शेजारी शेजारी लिहून बघावी. सहावं, विद्यापीठाचा ईमेल पुढं बंद होतो. त्यातलं आपलं काम आधी उतरवून घ्यावं. आणि शिफारसपत्र मागायचं असेल तर प्राध्यापकांना समक्ष भेटून मागावं. सहा महिन्यांनी मेल केला तर त्यांना चेहरासुद्धा आठवत नाही.

माझी मुलगी हे सगळं माझ्याआधीच लिहून बसली होती. मी उगाच कर्नल.

प्रबंध तिचा फुगला होता. मी तिला कमला सोहोनींची ४० पानं ऐकवली. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे किमान पानांची अट आहे." तरी वीस पानं तिनं कापली, हे नंतर कळलं.

आता चौदावी गोष्ट. ती मला आधी कळलीच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ती एका खोलीत स्थलांतरित लोकांना फुकट स्पॅनिश शिकवायची. मोरोक्कोचे, सेनेगलचे, युक्रेनच्या दोन बायका. एकूण अकरा जण. ती गेल्यावर तो वर्ग कोण घेणार, हे ठरायचं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी तयार झाली, तर आमच्या बाईसाहेबांनी तिला दोन गुरुवार सोबत बसवलं आणि अकरा जणांची अकरा पानं लिहून दिली.

मी म्हणालो, वाचून दाखव. तिनं भाषांतर करत वाचलं. अमुक बाई लवकर शिकते, पण सहाला निघावं लागतं, मुलगा शाळेतून येतो. अमुक माणूस चुकला की हसतो, ते हसणं खरं नाही. आणि एका पानावर होतं, "याला वाचता येत नाही, कोणत्याच भाषेत. तो हे कुणाला सांगत नाही. त्याला फळ्यापाशी बोलावू नकोस. वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं थांब, तो आपणहून येतो."

मंडळी, रात्रीचा एक वाजला होता. मी दिवाणखान्यात एकटा बसलो होतो. मला वाटलं, हे पान मला त्या दिवशी कुणी लिहायला लावलं असतं तर? एकच ओळ लागत होती. "याच्या आईचं ऑपरेशन आहे, रजा दिली आहे." दहा शब्दसुद्धा नाहीत.

आणि मी माझ्या मुलीला हेच सोडून ये म्हणत होतो.

तोंडी परीक्षा जुलैत झाली. दहापैकी नऊ गुण. नऊ किंवा त्याहून जास्त गुणांना तिथं उत्कृष्ट श्रेणी मानतात. किल्ल्या दिल्या, गुरुवारचा वर्ग दिला, तळमजल्यावरची एक म्हातारी वर्षभर जिन्यात तिचे उच्चार सुधारायची, तिच्याकडे जेवून आली. केंपेगौडा विमानतळावर पहाटे उतरली तेव्हा बॅग तेवीस किलोची, आणि डोळे सुजलेले. मी काही विचारलं नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस ती दुपारी तीनला जेवायची आणि रात्री दहाला भूक लागली म्हणायची. आम्ही दोघं तिच्या वेळेला जेवलो. पाहुण्यांना, स्थळं सुचवणाऱ्यांना मी महिनाभर थोपवून धरलं. तेवढं काम मला जमलं.

ती कंपनी गेली, हे खरं. दुसरी नोकरी मिळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मला एकदाही 'बघ, मी सांगत होतो' असं म्हणावंसं वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण म्हणालो नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलांचे शेवटचे सहा आठवडे त्यांचे त्यांना द्या. इकडची मुलाखत, लग्नकार्य, वास्तुशांत, काही असो, त्यासाठी त्यांना ओढून आणू नका. फोन केला तर 'कधी येतेस' याच्या जोडीला 'काय उरलंय' हेही विचारा. आणि मुलांनो, निघण्याआधी एक पान असं लिहा, जे तुमच्या जागी येणाऱ्याच्या उपयोगी पडेल. प्रयोगशाळेतलं यंत्र कुठं अडतं, घरमालक कोणत्या दिवशी भेटतो, वर्गातला कोण एकटा पडलाय. तुम्ही तिथं वर्षभर राहिलात याचा पुरावा पदवीच्या कागदात असतो, तसा त्या पानातही असतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मुलगी आल्यावर दोनेक महिन्यांनी मी जुन्या पलटणीतल्या लोकांकडून त्या जवानाचा नंबर मिळवला. आता तोही निवृत्त आहे, सांगलीकडे शेती करतो. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं. शब्द मी दिला होता, पुढच्या साहेबांना सांगायचं मी विसरलो, त्यांचा दोष नव्हता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्ही सांगितलं असणार आणि त्यांनी ऐकलं नसणार. त्यांच्यावर उगाच राग धरून होतो बघा."

म्हणजे माझ्या अर्ध्या दिवसाच्या घाईनं दोन माणसांचं नुकसान केलं होतं. दुसऱ्याचं मला त्या दिवशी कळलं.

मी त्याला त्या अधिकाऱ्याचा नंबर दिला. त्यांचं पुढं काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

 जय हिंद.